सगळे डीएनएमध्येच नसते

निवडणुकीच्या सभेत नेता सांगतो, सेवा आमच्या डीएनएमध्ये आहे. कंपनीच्या वार्षिक सभेत अध्यक्षांच्या लेखी दर्जा डीएनएमध्ये असतो. क्रिकेटचे समालोचक तर मुंबईच्या फलंदाजांचा खडूसपणासुद्धा तिथेच शोधतात. बोलण्याच्या ओघात हे खपून जाते. पण या बोलण्यामागची समजूत आता शाळेपासून रुग्णालयापर्यंत पक्की बसली आहे. माणसाचे जे काही आहे ते डीएनएमध्ये लिहिलेले असते आणि बाकीची पेशी फक्त तो मजकूर अमलात आणते, अशी ही समजूत. ती अर्धवट आहे. मजकुराचा अर्थ मजकुरात नसतो, तो वाचणाऱ्याकडे असतो, आणि पेशीतल्या त्या वाचणाऱ्याचे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही.

कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी घ्या. तान्ह्या बाळाच्या जिभेवर पांढरा थर धरतो, तो बहुतेक वेळा हिचाच. हिच्या जनुकांतून निघालेल्या संदेशात ‘सीयूजी’ ही तीन अक्षरे आली की ती त्या जागी जवळजवळ नेहमी सेरीन हे अमिनो आम्ल बसवते. माणूस, गहू, कोंबडी किंवा आपल्या आतड्यातला ई. कोलाय जीवाणू त्याच तीन अक्षरांच्या जागी ल्युसीन बसवतो. याचा त्रास प्रयोगशाळेत लगेच जाणवतो. जेलीफिशचे चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक कितीतरी सजीवांत घातले की ते निमूट चमकतात. कॅन्डिडात ते तसेच्या तसे घातले तर प्रकाश पडत नाही. संशोधकांना आधी त्या जनुकातली अशी अक्षरे बदलून घ्यावी लागली. डीएनए तोच, अक्षरे तीच, प्रथिन मात्र वेगळे.

यासाठी बुरशीपर्यंत जायचीही गरज नाही. आपल्या पेशींतल्या तंतुकणिकांना, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांना, स्वतःचा छोटासा डीएनए असतो. पेशीच्या मुख्य भागात ‘यूजीए’ म्हणजे थांबा, प्रथिन संपले. तंतुकणिकेच्या पडद्याआड त्याच ‘यूजीए’चा अर्थ ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. एकाच पेशीत, पडद्याच्या अलीकडे आणि पलीकडे, त्याच अक्षरांचे दोन अर्थ. ही तफावत घडवणारा मुख्य रेणू म्हणजे ट्रान्स्फर आरएनए, अर्थात टीआरएनए.

बारावीच्या जीवशास्त्रात तो भेटतो. तीन पाकळ्यांच्या पानासारखी आकृती, खाली अँटिकोडॉनची तीन अक्षरे, वर अमिनो आम्ल. आकृती काढायची, भागांना नावे द्यायची, गुण घ्यायचे. त्या पानभर मजकुरातून मुलांच्या मनात टीआरएनए उरतो तो हमालासारखा. अमिनो आम्ल उचलायचे, रायबोसोमपर्यंत न्यायचे, उतरवायचे, परत फिरायचे. हुशारी सगळी डीएनएची, कारखाना रायबोसोमचा, याचे काम फक्त ओझे वाहायचे. गेल्या सत्तर वर्षांचे संशोधन याच्या नेमके उलट सांगते.

फ्रान्सिस क्रिक यांना हे रेणू सापडण्याआधीच कळले होते. जानेवारी १९५५ मध्ये त्यांनी ‘आरएनए टाय क्लब’च्या सदस्यांना एक टिपण पाठवले. हा क्लब भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमोव्ह यांच्या लहरीतून निघाला होता. वीस अमिनो आम्ले म्हणून वीस सदस्य, प्रत्येकाला एक आम्ल आणि एक खास नेकटाय. क्रिक यांच्या वाट्याला टायरोसीन आले होते. न्यूक्लिक आम्लाच्या पृष्ठभागावर अमिनो आम्ले थेट जाऊन बसतील असे त्यांच्या रसायनशास्त्रात काहीच नाही, हे क्रिक यांना खटकत होते. तेव्हा मध्ये कुणीतरी हवा, ज्याचे एक टोक अक्षरांशी जुळेल आणि दुसऱ्या टोकाला आम्ल धरलेले असेल. ‘अडॅप्टर’ हे नाव सिडनी ब्रेनर यांनी सुचवले. ते टिपण त्या काळी कुठल्याही नियतकालिकात रीतसर छापले गेले नाही. तरीही जीवशास्त्रात छापून आलेल्या हजारो निबंधांपेक्षा त्याचा प्रभाव मोठा ठरला.

तिकडे बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पॉल झॅमेक्निक आणि मॅलन होगलंड यांना क्रिक यांच्या टिपणाची कल्पनाही नव्हती. ते उंदरांच्या यकृताच्या पेशी फोडून त्यांच्या रसात प्रथिने कशी बनतात ते पाहत होते. किरणोत्सारी अमिनो आम्ल प्रथिनात जाण्याआधी एका लहान, विरघळलेल्या आरएनएला चिकटते, हे त्यांच्या ध्यानात आले. १९५८ मध्ये ते रीतसर प्रसिद्ध झाले. क्रिक यांची अटकळ आणि बॉस्टनचा रेणू एकच आहेत हे होगलंड यांना जेम्स वॉटसन यांच्याकडून समजले. गंमत म्हणजे खुद्द क्रिक यांनाच आधी ते पटेना. त्यांना अडॅप्टर हवा होता जेमतेम काही अक्षरांचा, आणि हा तर पंचाहत्तरच्या वर अक्षरांचा निघाला. झॅमेक्निक यांना नोबेल कधीच मिळाले नाही. विज्ञानाच्या इतिहासातल्या ठळक अन्यायांच्या यादीत हे नाव वरच्या बाजूला यायला हवे.

अर्थ नेमका कुणाकडे असतो, याचा निकाल १९६२ मध्ये एका प्रयोगाने लावला. फ्रँस्वा शापव्हिल, फ्रिट्झ लिपमन, सेमूर बेंझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिस्टीन हे अमिनो आम्ल त्याच्या ठरलेल्या टीआरएनएला जोडले. मग रेने निकेल या उत्प्रेरकाने त्या जोडलेल्या सिस्टीनमधला गंधक काढून टाकला. गंधक गेला की सिस्टीनचे ॲलानीन होते. आता हातात आला तो असा रेणू, ज्याच्या अँटिकोडॉनवर लिहिले होते सिस्टीन, पण टोकाशी होते ॲलानीन. हे मिश्रण प्रथिने बनवणाऱ्या रसात सोडले आणि त्याला सिस्टीनची मागणी करणारा संदेश दिला. रायबोसोम फसेल का? रायबोसोम सरळ फसला. सिस्टीनच्या जागी ॲलानीन बसले. पुढच्या वर्षी सशाच्या हिमोग्लोबिनवर हाच प्रयोग झाला आणि तिथेही ॲलानीन सिस्टीनच्या जागी जाऊन बसले. रायबोसोम अमिनो आम्लाकडे पाहतच नाही. तो फक्त संदेशातला कोडॉन, म्हणजे तीन अक्षरांचा गट, आणि टीआरएनएचा अँटिकोडॉन जुळतात का, एवढेच बघतो. टीआरएनएच्या टोकाला जे असेल ते तो मुकाट्याने साखळीत ओवतो. म्हणजे चूक टाळायची असेल तर ती रायबोसोमच्या आधी, आम्ल आणि टीआरएनए यांची गाठ पडते तिथेच टाळायला हवी.

हा प्रयोग शालेय पुस्तकांत का नसतो, हे कळत नाही. मुलांना समजायला तो सोपा आहे, आणि तो कळला की हमालाचे चित्र आपोआप पुसले जाते.

रचना उलगडायला पुढची काही वर्षे गेली, आणि ती वर्षे कष्टाची होती. कॉर्नेल विद्यापीठाच्या आवारातल्या अमेरिकन कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट हॉली यांनी बेकरीत वापरतात ते यीस्ट १४० किलो घेतले. त्यातून सुमारे २०० ग्रॅम मिश्र टीआरएनए निघाला आणि त्यातून वेगळा केलेला, ॲलानीनचा शुद्ध टीआरएनए भरला फक्त एक ग्रॅम. त्या एका ग्रॅमचे विकरांनी, म्हणजे एन्झाइमांनी, तुकडे करत, एकेक तुकडा ओळखत, १९६५ मध्ये त्यांनी त्याची अक्षरे क्रमाने लावली. कुठल्याही न्यूक्लिक आम्लाचा अनुक्रम संपूर्ण वाचला गेल्याची ही पहिलीच वेळ. अक्षरांचा तो क्रम घडी घातला तर स्वतःशीच जुळून तीन पाकळ्यांचा आकार घेतो, हे एलिझाबेथ केलर आणि जॉन पेन्सविक यांच्या लक्षात आले. आज कुठल्याही पुस्तकात दिसणारी ती आकृती त्यांच्या डोक्यातली आहे, पण आकृतीखाली त्यांचे नाव क्वचितच सापडते. १९६८ चे नोबेल हॉली, मार्शल निरेनबर्ग आणि हरगोविंद खुराना यांना विभागून मिळाले. खुराना आज पाकिस्तानात असलेल्या मुलतान जिल्ह्यातल्या रायपूरचे. तेवढ्यावर न थांबता त्यांनी १९७० पर्यंत हॉलींच्या त्याच ॲलानीन टीआरएनएचे जनुक रसायनशाळेत अक्षराला अक्षर जोडून बनवले. माणसाने बनवलेले ते पहिले जनुक.

तीन पाकळ्यांची आकृती कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात हा रेणू तसा सपाट नसतो. १९७४ मध्ये एमआयटीतल्या अलेक्झांडर रिच यांच्या आणि केंब्रिजमधल्या आरोन क्लूग यांच्या गटाने यीस्टच्या फेनिलॲलानीन टीआरएनएची त्रिमितीय रचना मांडली. पाकळ्या एकमेकींवर दुमडून रेणू इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराचा होतो. एका टोकाला अँटिकोडॉन, दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल, मध्ये सात-आठ नॅनोमीटरचे अंतर. हे अंतर बारीक वाटते, पण गोष्ट नेमकी त्यातच आहे. अक्षरे वाचणारे टोक आणि आम्ल धरणारे टोक एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. मग या टोकाला अमुक अक्षरे असतील तर त्या टोकाला अमुकच आम्ल बसवायचे, हे कुणी ठरवले?

ते ठरवतात अमिनोअसिल टीआरएनए सिंथेटेज नावाची विकरे. वीस अमिनो आम्ले आणि बहुतेक सजीवांत साधारण तितकीच ही विकरे. प्रत्येक विकर आपले आम्ल ओळखते, आपला टीआरएनए ओळखते आणि दोघांची गाठ मारते. गाठ मारताना ते अँटिकोडॉन बघत असणार, असे कुणालाही वाटेल. पुष्कळ विकरे बघतातही. पण १९८८ मध्ये या-मिंग हू आणि पॉल शिमेल यांनी ॲलानीनच्या टीआरएनएबाबत दाखवले की त्याचे विकर अँटिकोडॉनकडे ढुंकूनही पाहत नाही. अमिनो आम्लाच्या टोकाजवळच्या दांड्यात तिसरे अक्षर जी आणि सत्तरावे यू अशी एक जोडी असते. एवढी एक जोडी दुसऱ्या कुठल्या टीआरएनएमध्ये नेऊन बसवली तर ॲलानीनचे विकर त्यालाही ॲलानीन चिकटवते. ज्याला आपण आनुवंशिक संकेत म्हणतो, त्याच्या पोटात अशी आणखी एक भाषा दडलेली आहे, आणि ती डीएनएच्या संकेताच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

या विकरांची अचूकता थक्क करणारी आहे. आयसोल्युसीन आणि व्हॅलीन यांत फरक एका कार्बनचा आणि दोन हायड्रोजनचा. आयसोल्युसीनचे विकर पहिल्या टप्प्यात साधारण दोनशेत एकदा व्हॅलीनला फसते. इतक्या चुका प्रथिनांत गेल्या तर पेशी टिकणार नाही. मग हे विकर आपलेच काम दुसऱ्यांदा तपासते. ॲलन फर्श्ट यांनी १९७७ मध्ये याला ‘दुहेरी चाळणी’ म्हटले. पहिल्या खाचेत मोठी आम्ले मावतच नाहीत. दुसऱ्या खाचेत आयसोल्युसीन मावत नाही, पण व्हॅलीन मावते, आणि तिथे गेलेले व्हॅलीन कापून टाकले जाते. शेवटी उरते ती तीन हजारांत एक चूक. या तपासणीत थोडी ढिलाई झाली तर काय होते, ते २००६ मध्ये उंदरांच्या एका जातीत दिसले. ॲलानीनच्या विकराची तपासणी किंचित कमजोर पडली आणि त्या उंदरांच्या लहान मेंदूतल्या पेशी मरू लागल्या. उंदीर थरथरत चालायचे.

तपासणीचे आणखी एक नाके भारतात उलगडले गेले. अमिनो आम्ले डाव्या आणि उजव्या अशा दोन रूपांत असतात आणि सजीवांची प्रथिने फक्त डाव्या रूपातली आम्ले वापरतात. उजवे आम्ल चुकून टीआरएनएला चिकटलेच, तर ते उतरवणारे एक विकर असते. हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजीमध्ये (सीसीएमबी) राजन शंकरनारायणन यांच्या गटाने हे विकर उजवे आम्ल कसे ओळखते त्याचा रेणवीय तपशील दाखवला. त्यांना २०२० चे इन्फोसिस पारितोषिक मिळाले. महाराष्ट्रातही कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात टीआरएनएमधल्या बदललेल्या अक्षरांच्या ठेवणीवर संगणकाच्या मदतीने काम झाले आहे. ही कामे वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येत नाहीत. मंगळयान येते. येऊ द्यावे, पण विज्ञानाची पाने भरताना संपादकांनी या दुसऱ्या प्रकारच्या कामालाही अधूनमधून जागा द्यावी.

इथे चोखंदळ वाचक एक रास्त हरकत घेईल. टीआरएनएची जनुकेही डीएनएमध्येच आहेत ना? माणसाच्या पेशीकेंद्रात ती चारशेहून अधिक आहेत. विकरांची जनुकेही तिथेच. मग शेवटी सगळे डीएनएमध्येच आले की! नाही आले. ती विकरे बनवायला आधीपासून आम्ल जोडलेले टीआरएनए हवेत, आणि ते टीआरएनए तयार व्हायला ती विकरे हवीत. हे चक्र कुठल्याही डीएनएने एकट्याने सुरू केलेले नाही. ते पेशीकडून पेशीला, आईच्या बीजांडातून पुढच्या पिढीला, चालत्या अवस्थेतच मिळते. २०१० मध्ये क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने दहा लाखांहून अधिक अक्षरांचा जिनोम रसायनांपासून बनवला आणि कृत्रिम जीव निर्माण झाल्याचा गाजावाजा झाला. तो जिनोम त्यांना एका जिवंत जीवाणूच्या पेशीतच सोडावा लागला. त्या पेशीतले रायबोसोम, टीआरएनए आणि विकरे जुनीच होती. तो जिनोम मायकोप्लाझ्मा या जीवाणूचा होता, आणि या जीवाणूत ‘यूजीए’ म्हणजे ट्रिप्टोफॅन. हाच जिनोम ई. कोलायमध्ये गेला असता तर जागोजागी अर्धवट प्रथिने निघाली असती.

हे चक्र सुरू झाले कसे, यावर संशोधक अजून भांडत आहेत, आणि भांडण मजेदार आहे. ‘एल’चे दोन हात एका वयाचे नसावेत, असे अनेकांचे मत. आम्ल धरणारा वरचा हात एकटा कापून घेतला तरी काही विकरे त्याला आम्ल जोडतात, हे ॲलानीनबाबत सिद्ध झाले आहे. रायबोसोमचा मोठा भाग याच हाताशी बोलतो. अँटिकोडॉनशी बोलतो तो लहान भाग. यावरून काहींना वाटते की वरचा हात आधीचा आणि अक्षरे वाचणारा हात नंतर जोडला गेला. नॅनोआर्किअम या उष्ण पाण्यातल्या सूक्ष्मजीवात तर काही टीआरएनएचे दोन अर्धे डीएनएमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेले असतात आणि नंतर जोडले जातात. हे २००५ मध्ये कळले. सलगमाच्या पानांवर पिवळे चट्टे पाडणारा एक विषाणू आहे. त्याच्या जिनोमचे शेपूट टीआरएनएची इतकी हुबेहूब नक्कल करते की वनस्पतीचे विकर त्याला व्हॅलीन जोडून देते. ॲलन वायनर आणि नॅन्सी मेझेल्स यांनी १९८७ मध्ये सुचवले की टीआरएनए मुळात प्रथिनांसाठी नव्हताच. प्रथिने येण्याआधीच्या आरएनएच्या जगात प्रत बनवण्याची सुरुवात कुठून करायची, हे दाखवणारे ते एक शेपूट होते. हे सिद्ध नाही, कदाचित कधीच होणार नाही. पण संकेताचा तक्ता आणि तो वाचणारा रेणू बरोबरीने घडत गेले असावेत, या तर्काला त्यातून बळ मिळते.

आता रस्त्यावर येऊ. पावसाळ्यात मुंबईत पाणी तुंबले की लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर त्याची साथच आली होती. तुंबलेल्या पाण्यातून चालत आलेल्यांना डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात, महापालिकाही तसे आवाहन करते. ही गोळी करते काय? जीवाणूच्या रायबोसोमवर टीआरएनए ज्या खाचेत येऊन बसतो, त्या खाचेच्या तोंडाशी ती अडून राहते. आम्ल घेऊन आलेला टीआरएनए आत शिरू शकत नाही, प्रथिन थांबते. त्वचेच्या संसर्गावरचे म्युपिरोसिन मलम आयसोल्युसीनच्याच विकराला, वर सांगितलेल्या दुहेरी चाळणीच्या मालकाला, बंद पाडते. दुसरीकडे एचआयव्हीने टीआरएनएचाच गैरफायदा घेतला आहे. स्वतःच्या आरएनएची डीएनए प्रत काढायला त्याला सुरुवातीचा एक तुकडा लागतो. तो तुकडा म्हणजे माणसाचा लायसीन टीआरएनए. विषाणू तो आधीच्या पेशीतून उचलून सोबत घेऊन निघतो.

महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी आणि रुग्णांनी गांभीर्याने घ्यावे असे दुसरेच एक प्रकरण आहे. तंतुकणिकेच्या डीएनएमध्ये १६,५६९ अक्षरे आणि ३७ जनुके असतात. त्यांपैकी २२ टीआरएनएची. ल्युसीनच्या एका टीआरएनएमध्ये ३२४३ या जागी ए ऐवजी जी आला की मेलास नावाचा आजार होऊ शकतो: ऐन तरुणपणी पक्षाघातासारखे झटके, फिट्स, रक्तात लॅक्टिक आम्ल. याच बदलामुळे काहींना मेंदूचा त्रास न होता मधुमेह आणि बहिरेपणा एकत्र येतात. तंतुकणिका फक्त आईकडून मिळतात, म्हणून हा मधुमेह आईच्या बाजूने चालत येतो. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यातला हा वाटा लहानच. पण एखाद्या घरात आई, मावशी, मामा अशा मातृशाखेत मधुमेह आणि ऐकू कमी येणे दोन्ही आढळत असेल, तर तपासणी सुचवायला हवी. कारण औषध बदलते. अशा रुग्णाला मेटफॉर्मिन देणे डॉक्टर टाळू बघतात, लॅक्टिक आम्ल वाढण्याची धास्ती असते. आणि इथेच डीएनएविषयीची आपली ठाम समजूत आड येते. हजारो रुपये मोजून केलेल्या ‘संपूर्ण’ जनुकीय चाचणीत प्रथिनांची जनुके तपासली जातात. तंतुकणिकेच्या डीएनएसाठी बऱ्याचदा वेगळी चाचणी मागावी लागते. शिवाय हा बदल वयानुसार रक्तात विरळ होत जातो, लघवीतल्या पेशींत जास्त सापडतो. रक्ताचा अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून सुटलो, असे मानणाऱ्या कुटुंबाला हे सांगणारे कुणीतरी हवे.

टीआरएनएच्या कुतूहलातून किती दूर जाता येते, याचे उदाहरण करोनाने दिले. काटालिन कॅरिको आणि ड्रू वाइसमन संदेशवाहक आरएनए पेशींत घालत होते, तेव्हा पेशी दाहाने पेटायच्या. टीआरएनए घातला की मात्र पेशी शांत राहायच्या. कारण टीआरएनएची अक्षरे साधी नसतात. घडल्यानंतर त्यांच्यावर रासायनिक कोरीवकाम होते. सूडोयुरिडीन हे त्यांतलेच एक अक्षर, १९५१ मध्ये सापडलेले. ते वापरून बनवलेला संदेशवाहक आरएनए पेशीला खटकत नाही, हे २००५ मध्ये दाखवले गेले. त्याच अक्षराच्या थोड्या सुधारित रूपावर फायझर आणि मॉडर्नाच्या लशी उभ्या राहिल्या. २०२३ चे नोबेलही आले. पन्नास वर्षे टीआरएनएच्या बदललेल्या अक्षरांची यादी करत बसलेल्या रसायनशास्त्रज्ञांना कुणी विचारले असते की याचा उपयोग काय, तर त्यांच्याकडे उत्तर नव्हते. आपल्याकडे संशोधनाच्या प्रस्तावात ‘समाजाला तात्काळ लाभ’ असा रकाना भरायला लावणाऱ्यांनी ही तारखांची साखळी एकदा नीट बघावी.

आणि आता थॅलेसेमिया. देशात दरवर्षी थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मणाऱ्या बाळांची संख्या दहा हजारांच्या आसपास असल्याचा अंदाज आहे. उल्हासनगरच्या सिंधी वस्तीत हा आजार घरोघरी ठाऊक आहे. बीटा ग्लोबिनच्या जनुकातले बदल अनेक प्रकारचे असतात. त्यांतला महाराष्ट्रातही सापडणारा एक म्हणजे कोडॉन १५: ट्रिप्टोफॅन सांगणारा ‘यूजीजी’ बदलून ‘यूएजी’ होतो, म्हणजे थांबा. प्रथिन सुरू होताच संपते. टीआरएनएचे अँटिकोडॉन एका अक्षराने बदलले तर तो ‘यूएजी’ला थांबा न मानता तिथे आम्ल बसवेल. ही कल्पना नवी नाही. युएट वाय कान यांच्या गटाने १९८२ मध्येच माणसाच्या लायसीन टीआरएनएचे एक अक्षर बदलून, चिनी रुग्णांत आढळणाऱ्या कोडॉन १७ च्या अशाच थांब्यावर बेडकाच्या अंडपेशींत मात करून दाखवली. पुढे चाळीस वर्षे ती कल्पना पडून राहिली, कारण टीआरएनए पेशीत नेमका पोचवायचा कसा, हे कुणाला जमत नव्हते. २०२२ मध्ये विषाणूच्या वाहकातून नेलेल्या बदललेल्या टीआरएनएने हर्लर या आनुवंशिक आजाराच्या उंदरांत सुधारणा दिसली. २०२५ मध्ये डेव्हिड लिऊ यांच्या गटाने पेशीतल्या एका टीआरएनएच्या जनुकातच बदल लिहून, एकच उपचार वेगवेगळ्या आजारांतल्या अशा थांब्यांवर चालू शकतो, हे पेशींत आणि उंदरांत दाखवले. शरीरातल्या हजारो खऱ्या थांब्यांचे काय, हा प्रश्न आहेच. माणसांवरच्या चाचण्यांशिवाय त्याचे उत्तर मिळणार नाही.

पण तोपर्यंत एक काम आपल्या हातात आहे. परळला केईएमच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे आणि थॅलेसेमियाच्या उत्परिवर्तनांवर तिथे वर्षानुवर्षे काम झाले आहे. जिल्हा रुग्णालयात दर तीन आठवड्यांनी रक्त घ्यायला येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या फाइलमध्ये हिमोग्लोबिन आणि फेरिटिनच्या शेजारी त्याचे नेमके उत्परिवर्तनही लिहिलेले असावे, ही मागणी अवाजवी नाही. भारतात सर्वांत जास्त आढळणारा बीटा थॅलेसेमियाचा बदल, आयव्हीएस १-५, हा संदेश जोडण्याच्या जागेवरचा आहे. तिथे बदललेल्या टीआरएनएचा काही उपयोग नाही. कोडॉन १५ वाल्याला असू शकतो. दोघांची फिकट चर्या, वाढलेली प्लीहा आणि रक्ताची पिशवी सारखीच दिसते. कुणाला कशाची वाट पाहायची, हे त्या एका नोंदीवरून कळेल.